दहावा कायदा आणि अकरावा कायदा



वैशाखातल्या घुग्घुसला सायंकाळी सात वाजतासुद्धा जमीन तापलेली असते. अशा वेळी घरचा पंखा सोडून इंग्रजी अमदानीतल्या दोन कायद्यांवरचे व्याख्यान ऐकावयास आपण आलात, तेव्हा प्रस्तावना लांबवून आपला अंत पाहणे मला शोभणार नाही. सरळ विषयाला हात घालतो.

इ. स. १८९१ साली हिंदुस्थान सरकारने पाठोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे केले. त्या वर्षाचा दहावा कायदा म्हणजे संमतिवयाचा कायदा. अकरावा म्हणजे सुधारलेला फॅक्टरी कायदा. दहाव्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले आणि ही मर्यादा नवऱ्यालाही लागू आहे असे बजावले. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहाअकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या हातून मेली होती, तिचे प्रकरण या कायद्याच्या पाठीशी होते. अकराव्या कायद्याने गिरणीतल्या बाईचा कामाचा दिवस अकरा तासांचा ठरविला, मध्ये दीड तासाची विश्रांती सांगितली, नऊ वर्षांखालच्या पोरांना गिरणीचे दार बंद केले आणि आठवड्याची एक सुटी कायद्यात बसविली. पहिला कायदा घराच्या आतला, दुसरा गिरणीच्या आतला. दोन्हींत विषय एकच, बाईचा देह. एकात तो नवऱ्याच्या हक्कापासून वाचवावयाचा होता, दुसऱ्यात मालकाच्या यंत्रापासून.

आता गंमत पाहा. दहाव्या कायद्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. टिळक एका बाजूला, आगरकर आणि भांडारकर दुसऱ्या बाजूला, मध्ये स्मृतिवचनांचा पाऊस. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालावा काय, हा सवाल गल्लोगल्ली झाला. अकराव्या कायद्यावरून शिकलेल्या मंडळींनी फारसे काही केले नाही. बहुतेक राष्ट्रीय पत्रांना त्यात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा कावा दिसला, आणि तो संशय अगदीच निराधार नव्हता. मुंबईचे सूत स्वस्त पडते म्हणून मँचेस्टरच्या पोटात दुखत होते हे खरेच आहे. पण कावा मँचेस्टरचा होता म्हणून परळच्या बाईचे चौदा तास सुखाचे होत नाहीत. ही गोष्ट आमच्या थोर थोर संपादकांच्या ध्यानात आली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की, त्या काळच्या विचारवंतांनी, आपल्याकडच्या आणि विलायतेच्याही, बाई दोन ठिकाणी दोन पाहिली. घरातली बाई हा स्त्रीसुधारणेचा विषय झाला. कामावरची बाई हा मजुरांचा विषय झाला. एकच बाई पहाटे घरात आणि दिवसा कामावर असते, हे कायद्याला आणि कादंबरीला दोहोंनाही फार उशिरा दिसले. त्या उशिराची किंमत कोणी दिली, ते पाहावयाचे तर पुण्यामुंबईपेक्षा आपली कोळशाची पट्टी अधिक उपयोगाची आहे.

विलायतेत हा प्रश्न प्रथम पेटला तोही कोळशाच्या खाणीतच. यॉर्कशायरमधील सिल्कस्टन गावी ४ जुलै १८३८ रोजी पाऊस कोसळून ओढ्याचे पाणी खाणीच्या वाटेत शिरले आणि २६ मुलेमुली बुडून मेली. पुढे सरकारी चौकशी बसली. तिचा अहवाल १८४२ साली बाहेर पडला, तो चित्रांसह. सरकारी अहवालात चित्रे हा त्या काळी अपूर्व प्रकार होता. कमरेला पट्टा आणि दोन पायांमधून साखळी घेऊन गुडघ्यांवर रांगत कोळशाची गाडी ओढणारी बाई त्यात दिसली. स्कॉटलंडातल्या बायका पाठीवर कोळशाचे ओझे घेऊन शिड्या चढत होत्या. लंडनच्या दिवाणखान्यांत ज्या कोळशावर चहा होत असे तो कोठून येतो, हे घरमालकिणींना पहिल्यांदा कळले. एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीने खाणीतल्या आणि गिरणीतल्या पोरांवर १८४३ साली कविता लिहिली, ती याच चौकशीनंतर.

पण पार्लमेंटात बोभाटा कशाचा झाला? श्रमाचा थोडा, लज्जेचा अधिक. अंधारात उघड्या अंगाने स्त्रीपुरुष एकत्र काम करतात, नीतीचे काय होणार, याचीच चिंता लॉर्ड ॲश्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भाषणांत फार आहे. मजुरी किती, पोट भरते काय, हा विचार मागे पडला. त्याच वर्षी कायदा झाला. बाई आणि दहा वर्षांखालील मुलगा, दोघांनाही जमिनीखाली बंदी. भरपाई काही नाही, दुसरे काम काही नाही. कित्येक जणी पुरुषाचा वेष करून चोरून खाली उतरत राहिल्या. बाकीच्या वर आल्या आणि खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडू लागल्या.

पुढे १८८७ साली तेही काम त्यांच्याकडून काढून घ्यावे असा प्रयत्न झाला. खाणीच्या तोंडाशी काम करणे बाईमाणसाला शोभत नाही, असे सांगणारांत खाणमजूर संघांचे पुरुष पुढारीही होते. तेव्हा लँकेशायरच्या त्या बायका शिष्टमंडळ घेऊन लंडनला गृहमंत्र्यांकडे गेल्या, काहीजणी कामाच्याच पोशाखात. आम्हाला हे काम हवे आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. बंदी टळली. १८४२ च्या आणि १८८७ च्या मधल्या पंचेचाळीस वर्षांत फरक पडला तो हा, की दुसऱ्या वेळी बाई स्वतः बोलली.

जॉन स्टुअर्ट मिल हा त्या युगाचा मोठा तत्त्वज्ञ. आमच्या आगरकरांचा तर तो गुरूच. 'स्त्रियांची पराधीनता' हे त्याचे पुस्तक १८६९ चे. पण त्याच्याही वीसएक वर्षे आधी, अर्थशास्त्रावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात, त्याने फॅक्टरी कायद्यावर एक नेमकी हरकत घेतली होती. कायदा बाईला आणि लेकराला एका दाव्याला बांधतो हे त्याला मान्य नव्हते. लेकराला आपले हित कळत नाही म्हणून कायदा आड येतो हे ठीक. बाई ही सज्ञान माणूस आहे. तिच्यावर जुलूम होतो तो नवऱ्याच्या सत्तेमुळे, तर ती सत्ता काढा, तिचे काम का काढता? युक्तिवाद बिनतोड दिसतो. तरी त्यात एक भोक आहे. चौदा तासांच्या पाळीला सज्ञान माणसाने 'होय' म्हणणे ही खुशीची गोष्ट असते काय? उपाशी माणसाच्या खुशीला काय अर्थ आहे, हे मँचेस्टरात हिंडून आलेल्या एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात दाखविले होते. मात्र एंगल्सलाही बाई गिरणीत आणि नवरा घरी चूल सांभाळीत बसलेला पाहून घर उलटे झाल्यासारखे वाटले. मिलला घरातली सत्ता दिसली आणि पोट दिसले नाही. एंगल्सला पोट दिसले, आणि चुलीशी बसलेला पुरुष त्याला सोसवला नाही. पुढे म्हातारपणी एंगल्सने कुटुंबसंस्थेवर वेगळे लिहिले. पण तरुणपणीचे लिहिणेही विसरू नये.

कादंबरीकारांत बायका अधिक शहाण्या निघाल्या. शार्लट ब्राँटेच्या 'शर्ली' या १८४९ च्या कादंबरीत यंत्रे फोडणारे मजूर आहेत आणि त्यांच्याच गावात कॅरोलाइन नावाची पाद्रीबोवांच्या घरातली मुलगी आहे. मजुराची तक्रार अशी की यंत्राने माझे काम हिरावले. कॅरोलाइनचे दुःख असे की मला कधी काम मिळणारच नाही, शिवणटिपण करीत म्हातारी व्हायचे. एकाच पुस्तकात दोन बेकार शेजारी शेजारी उभे केले आहेत. पण जिला कामही आहे आणि घरही आहे ती बाई या चित्रात जवळजवळ नाहीच. ती मिसेस गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये, १८५५ साली, बेसी हिगिन्स म्हणून येते. कापूस पिंजण्याच्या खात्यात बारीक तंतू छातीत जाऊन ती मरणपंथाला लागली आहे. धूळ ओढून घेणारे एक मोठे चाक बसविता येते, असे ती सांगते. पण त्याला पाचसहाशे पौंड पडतात आणि नफा शून्य, म्हणून मालक बसवीत नाहीत. आणि पुढचे वाक्य लेखिकेच्या चांगुलपणावर सोडून देण्यासारखे नाही: काही मजुरांनाही ते चाक नको असते, कारण तंतू गिळण्याची सवय झाल्यावर हवा स्वच्छ झाली की भूक जास्त लागते आणि त्याच मजुरीत पोट भरत नाही. धुळीविषयी घुग्घुसकरांना मी आणखी काय सांगावे!

आता आपल्या मुलखाकडे वळतो.

संमतिवयाच्या वादाआधी मुंबईला रखमाबाईचा खटला झाला. सुतार जातीची मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेले, आईने पुनर्विवाह केलेला, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. मुलगी शिकली आणि नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाही म्हणाली. दादाजी भिकाजीने १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ साली न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बस. रखमाबाई तुरुंगाला तयार झाली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती विलायतेस गेली आणि डॉक्टर होऊन परतली. धर्म बुडाला म्हणून जे ओरडत होते त्यांना बहुधा हे ठाऊक नव्हते की, नांदावयास येण्याचा हा दावा मुळात आपल्या धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्रजांच्या धर्मकोर्टांतून आलेला आहे. आणि तो न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली होती. साहेबाने घरी टाकून दिलेला दंडुका आम्ही येथे सनातन म्हणून उचलून धरला.

या खटल्यात दुसरी बाजूही होती आणि ती पुष्कळदा सांगितली जात नाही. नवरा गरीब होता. मुलीच्या नावाने मालमत्ता होती. शिकलेली, पैसेवाली मुलगी गरीब नवऱ्याला झिडकारते, असा रंग विरोधकांनी दिला आणि तो पुष्कळांना पटला. बाईचा हक्क मागितला की गरिबाचा अपमान झाला असे म्हणावयाचे, आणि गरिबाचा हक्क मागितला की बाई घरात बरी असे म्हणावयाचे, हा डाव तेव्हापासूनचा आहे.

हा डाव ओळखणारी बाई मात्र पुण्यामुंबईची नव्हती, आपल्या विदर्भातली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली; पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात १८८२ साली पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. नंतर हे पुस्तक असे हरवले की, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हाच महाराष्ट्राला त्याची खरी ओळख झाली.

या पुस्तकात मला विशेष वाटते ते दोन गोष्टींचे. एक, ताराबाई साहित्याचा हिशेब मागतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांची नावे घेऊन त्या विचारतात की, या पोथ्यांतल्या बायका कोणत्या गावी राहतात? दुसरी गोष्ट अशी की, दुर्गुणांची यादी घेऊन त्या एकेक दुर्गुण पुरुषाच्या पदरात घालतात, आणि तो पुरुष एका जातीचा नाही. शास्त्रीबोवा सुटत नाहीत, साहेबी टोपी घालणारा सुटत नाही, आणि विधवेचे लग्न न करण्याचे व्रत वरच्यांचे पाहून उचलणारी मराठ्यांची घराणीही सुटत नाहीत. यामुळेच असेल, सत्यशोधकांपैकीही काही मंडळींना हे पुस्तक झोंबले. वर्गाची, जातीची लढाई लढणाऱ्या आपल्याच माणसांना जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात सुनावले आणि ताराबाईंची बाजू घेतली. फुल्यांचा मोठेपणा मला येथे जास्त दिसतो. विरोधकाला बोलणे सोपे असते.

सत्यशोधकांतलेच नारायण मेघाजी लोखंडे. 'दीनबंधु'चे संपादक, मुंबईच्या गिरणीकामगारांना पहिल्याने एकत्र आणणारे. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा झाल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या रेसकोर्सवर दहा हजार मजूर जमले आणि त्या सभेत दोन बायका बोलल्या. कोण होत्या, काय नावाच्या, याची नोंद ठेवावीशी कोणाला वाटली नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालकांनी आठवड्याची सुटी कबूल केली. आज रविवारी आपण दुपारी झोपतो ती त्या सभेची देणगी आहे. आणि याच १८९० साली याच लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरविली आणि विधवांचे केस आम्ही कापणार नाही असा ठराव त्यांच्याकडून करून घेतला. पंडितांचा वाद चालू होता की केशवपन शास्त्रोक्त आहे की नाही. न्हाव्यांनी वाद घातला नाही, वस्तरा खाली ठेवण्याचे ठरविले. मजुराच्या हातातले शस्त्र आणि बाईचा प्रश्न एका ठिकाणी आल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला त्या शतकात दुसरे दिसत नाही.

त्याच १८९० च्या फॅक्टरी कमिशनपुढे गिरणीतल्या बायकांच्याही साक्षी झाल्या. तास कमी करण्याचे ऐकून काही जणी आनंदल्या नाहीत. आमचे तास कमी केले आणि पुरुषांचे तसेच ठेवले तर मुकादम आम्हाला काढून पुरुष घेईल, ही त्यांची भीती. यांना मिल वाचावा लागला नव्हता. कायदा झाला तो बाईपुरताच, अकरा तासांचा. सज्ञान पुरुषाच्या तासांना मर्यादा पडली ती थेट १९११ च्या कायद्याने. आणि साहित्य? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' याच १८९० साली 'करमणुकी'तून येऊ लागली. मराठीतली ती थोर कादंबरी, तीत घरातल्या मुलीचे दुःख काळजाला हात घालते. तिच्या जवळच, मुंबईतच, चाळीतून पहाटे चारला निघणारी बाई होती. तिला आपल्या कादंबरीत यावयास मामा वरेरकर आणि अण्णाभाऊ साठ्यांचे दिवस उजाडावे लागले.

एवढा वेळ आपण मुंबईत होतो. पण वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे तोपर्यंत सरकारला चांगले ठाऊक झाले होते. भूगर्भ खात्याच्या ह्यूजचा या कोळसापट्टीवरचा अहवाल १८७७ चा आहे. वरोऱ्याची सरकारी खाण त्याच दशकात चालू झाली आणि १९०६ साली बंद पडली. तोवर बल्लारपूर, चांदा, घुग्घुस या बाजूंना खाणकामाचे पाऊल वळले. नंतरच्या काळात तेलंगणातून, छत्तीसगढातून, उत्तरेकडून माणसे आली, आणि आजही घुग्घुसच्या एका गल्लीत चार भाषा ऐकू येतात ते त्यामुळे.

हिंदुस्थानातल्या कोळसाखाणींत काम करण्याची जुनी रीत जोडीची होती. नवरा गैंतीने कोळसा तोडी, बायको टोपल्यात भरून गाडीपर्यंत वाही, मजुरी दोघांची मिळून येई. लेकरू असले तर तेही सोबत खाली. ही रीत चांगली होती असे मी म्हणत नाही. अंधार, वायू, पाणी, छत कोसळण्याचे भय, आणि बाळंतपणाची रजा म्हणजे काय हे कोणी ऐकलेलेही नव्हते. १९२९ साली सरकारने नियम काढले. बाईला जमिनीखाली बंदी. मात्र बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्यप्रांत येथील कोळसाखाणींना सवलत: पहिल्या वर्षी शंभरात २९ बाया चालतील, पुढे दरवर्षी तीन कमी, आणि १ जुलै १९३९ ला शून्य. म्हणजे आपला तेव्हाचा चांदा जिल्हा या कोष्टकात होता. पुढे ती तारीखही अलीकडे ओढली गेली आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून खाली बाई उरली नाही. हे सारे बाईच्या भल्यासाठी झाले यात मला शंका नाही. पण घरी येणाऱ्या मजुरीचा दुसरा हात गेला. नवऱ्याला टोपले वाहावयास दुसरा पुरुष घ्यावा लागला आणि त्याला वाटा द्यावा लागला. पुरुषाची मजुरी वाढवून ही तूट भरून काढा असे नियमात कोठे नव्हते. १८४२ साली विलायतेत जे झाले तेच शंभर वर्षांनी येथे झाले.

महायुद्ध आले. कोळसा कमी पडू लागला, मजूर लष्करी कामांवर जादा मजुरीला जाऊ लागले. ऑगस्ट १९४३ मध्ये बंदी उठली, आणि ती सर्वांत आधी उठली ती आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, बंगाल-बिहारात त्यानंतर. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर सरकारला धारेवर धरण्यात आले. रेणुका राय यांनी कडक टीका केली, अखिल भारतीय महिला परिषदेचाही विरोध होता. बाबासाहेबांनी बंदी उठविणे चांगले आहे असे म्हटले नाही. युद्धाची निकड आहे, सोय तात्पुरती आहे, असे त्यांनी सांगितले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली: या खाणींत बाईला त्याच कामाचे पुरुषाइतकेच वेतन मिळेल, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व या देशाच्या उद्योगात बहुधा प्रथमच मान्य होत आहे. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या भागात जाऊन स्वतः खाणीत उतरले होते. खाणीतल्या बायकांसाठी १९४१ चा प्रसूतिलाभाचा कायदा होता, तोही त्यांच्या कारकिर्दीत सुधारला. हाच माणूस १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलला होता.

बंदी उठविणे चूक होते की बरोबर? मी तराजू हातात धरणार नाही, पण माझे मत लपविणारही नाही. टीका करणाऱ्या विदुषी खाणीच्या धोक्याविषयी सांगत होत्या ते सगळे खरे होते. गरोदर बाईने चारशे फूट खाली टोपले वाहावे असे कोण म्हणेल? पण बंदीच्या काळात त्या बाईने काय खाल्ले, हा प्रश्न सभागृहात खरे तर दोन्ही बाजूंनी विचारावयाचा होता, आणि समान वेतनाचा मुद्दा काढून तो विचारला गेला, तो मजूरमंत्र्याच्या बाजूने. दहावा कायदा आणि अकरावा कायदा एका वाक्यात आणणारा पहिला मोठा माणूस मला येथे भेटतो. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. युद्ध संपले, बाई वर आली, समान वेतनाचे तत्त्व मात्र तिच्याबरोबर वर आले असे म्हणवत नाही. तिच्या वाट्याला दगड निवडणे, वॅगन भरणे, झाडलोट ही कामे आली, आणि त्या कामांचे दर वेगळे.

स्वराज्यात १९५२ चा खाण कायदा झाला, त्यात ४६ व्या कलमाने जमिनीखालची बंदी कायम राहिली. १९७३ साली खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ पासून आपल्या खदानी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या झाल्या. नोकरी पक्की झाली, वेतन वाढले, हे मोठे झाले. पण त्या पक्क्या नोकरीत बाया किती हे कोणी मोजले की माणसे इकडेतिकडे पाहतात. कोळसाखाणींत मध्ये एक योजनाही आली: बाईने स्वेच्छेने निवृत्त व्हावे, तिच्या जागी मुलाला घेतले जाईल. कोणत्या आईने नाही म्हणावे? सही तिची, नोकरी त्याची. यात जुलूम कोणाचा, असे विचारले तर उत्तर सापडत नाही, आणि तरी दहा-वीस वर्षांत हजेरीपटावरून बायांची नावे गळत जातात.

२०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने ४६ व्या कलमात सूट दिली. बाईला जमिनीखाली सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत काम करता येईल, पण कोणत्या कामासाठी? तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या. १८४२ साली बाई म्हणून सगळ्या एकदम वर काढल्या गेल्या होत्या. १७७ वर्षांनी खाली जाण्याची परवानगी आली, ती इंजिनियर मुलीला. लोडरच्या मुलीला, ती लोडरच राहिली असली तर, नाही. इंजिनियर मुलीचा मला आनंदच आहे, ती खाली उतरली हे थोडे नव्हे. मी फक्त त्या हुकमातले तीन शब्द आपल्याला वाचून दाखविले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुना खाण कायदा त्यांपैकी एकीत विरून गेला. तिच्या ४३ व्या कलमाप्रमाणे बाईला सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते. सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी काम असेल तर तिची संमती लागते. संमती हा शब्द कायद्यात पुन्हा आला, १३४ वर्षांनी, आणि या वेळी अकराव्या कायद्याच्या घरात आला. ती संमती कशी घ्यावयाची, कागदावर की तोंडी, दरमहा की एकदाच, नाही म्हटले तर दिवसपाळी मिळते की घरची वाट, हे येथल्या खदानींत, सिमेंटच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांत, ठेकेदाराच्या मजूरपटावर ज्या बाया आज आहेत त्यांना विचारले पाहिजे. त्यांतल्या काहीजणी मांडवाच्या मागच्या बाजूला बसल्या आहेत असे मला दिसते. व्याख्यानानंतर प्रश्न विचारण्याची येथे पद्धत आहे. आज पहिला प्रश्न तिकडून यावा, अशी मी अध्यक्षांना विनंती केली आहे.